सीपीसी वाचायची कशी? एक दावा दाखल करा आणि ताब्यापर्यंत न्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: एलएलबीला दिवाणी प्रक्रिया संहिता (सीपीसी) आहे, कलमं एकदा वाचून झाली, गाईडही झालं, तरी आठवड्याभरात सगळं पुसलं जातं. कलमं आणि ऑर्डर यांचा मेळ बसत नाही. परीक्षेत प्रसंग देऊन प्रश्न विचारला की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. तालुका आणि जिल्हा न्यायालयात बरीच वर्षं दिवाणी काम केलं, हाताखाली ज्युनिअर तयार झाले, त्या अनुभवावरून लिहितो.

दोष तुमच्या स्मरणशक्तीचा नाही. संहिता ज्या क्रमाने छापली आहे तो वाचण्याचा क्रमच नाही. पुस्तकाचे दोन भाग आहेत: १५८ कलमं आणि त्यानंतर पहिल्या अनुसूचीत ५१ ऑर्डर. १९०८ साली ही रचना मुद्दाम केली गेली. कलमं बदलायची तर विधिमंडळाकडे जावं लागतं. ऑर्डरमधले रूल मात्र कलम १२२ खाली उच्च न्यायालय बदलू शकतं. म्हणजे कलम अधिकार देतं आणि ऑर्डर तो कसा वापरायचा ते सांगते. दोघांत विरोध आला तर कलम वरचढ. त्यामुळे दोन्ही भाग जोडीनेच वाचायचे. कलम २६ वाचलं की लगेच ऑर्डर ४, ६ आणि ७. कलम २७ बरोबर ऑर्डर ५. कलम ९४ बरोबर ३८, ३९ आणि ४०. कलम ९६ बरोबर ४१, कलम १०४ बरोबर ४३, कलम ११४ बरोबर ४७. बेअर अ‍ॅक्टच्या (भाष्याशिवाय छापलेल्या मूळ कायद्याच्या) समासात पेन्सिलीने या जोड्या लिहून ठेवा. कलम १ पासून १५८ पर्यंत सलग वाचत जाणारा विद्यार्थी अपिलापर्यंत पोचतो तेव्हा त्याने अजून वादपत्रसुद्धा (वादीची मूळ लेखी तक्रार) पाहिलेलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. एक काल्पनिक दावा घ्या आणि संपूर्ण संहिता त्याच दाव्यावर वाचा. मी ज्युनिअरना अतिक्रमणाचा दावा देतो, कारण त्यात जवळजवळ सगळं येतं. सुलभाताईंचा प्लॉट आहे. पूर्वेकडच्या गणपतरावांनी कुंपणाची भिंत तीन फूट आत सरकवून बांधली आणि आता उरलेल्या जागेतही विटा-वाळू टाकायला लागले आहेत. ताईंना भिंत पाडून हवी, तीन फुटांचा ताबा हवा आणि पुढे त्रास नको म्हणून कायम मनाई हवी.

दावा कुठे? स्थावर मिळकत जिथे आहे तिथे, कलम १६. कोणत्या न्यायालयात? अधिकार असलेल्या सर्वांत खालच्या, कलम १५. चुकीच्या गावी दावा लावला आणि गणपतरावांनी पहिल्या संधीला हरकत घेतली नाही, तर कलम २१ मुळे त्यांना ती अपिलात सहसा घेता येत नाही. पण विषयवस्तूवर अधिकारच नसलेल्या न्यायालयाचा हुकूमनामा (डिक्री, म्हणजे दाव्याचा निर्णय) मुळातच शून्य असतो. हा फरक किरण सिंग विरुद्ध चमन पासवान या १९५४ च्या निकालात इतका स्वच्छ मांडला आहे की तो मुळातून वाचावा. शेजारी गणपतराव नसून सरकार असतं, तर कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागली असती, किंवा तातडी दाखवून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली असती.

वादपत्र तुम्ही स्वतः लिहा. गाईडमधलं उतरवून काढू नका. संहितेच्या शेवटी परिशिष्ट ‘ए’मध्ये वादपत्रांचे नमुने दिले आहेत. विद्यार्थी ती पानं उघडतच नाहीत. काही नमुने जेमतेम पानभराचे आहेत. हकिगत लिहायची, पुरावा नाही, हे ऑर्डर ६ रूल २ मधलं तत्त्व ते वाचून जितकं समजतं तितकं व्याख्यानातून समजत नाही. ऑर्डर ७ रूल १ समोर ठेवून यादी करा: न्यायालय, पक्षकार, दाव्याचं कारण आणि ते कधी घडलं, अधिकारक्षेत्र, मूल्यांकन, मागणी. मिळकत स्थावर असल्यामुळे रूल ३ प्रमाणे चतुःसीमेसह वर्णन. इथे घाई करू नका, पुढे बेलिफ याच वर्णनावर मिळकत ओळखणार आहे.

मागणी लिहिताना ऑर्डर २ रूल २ समोर येतो. समजा ताईंनी घाईत फक्त मनाईचा दावा लावला आणि तीन फुटांचा ताबा मागायचं सोडून दिलं. त्याच कारणावरून मिळू शकणारी मागणी न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडली तर तिच्यासाठी नंतर दुसरा दावा चालत नाही. विद्यार्थी याची रेस ज्युडिकाटाशी, म्हणजे कलम ११ शी, गल्लत करतात. कलम ११ ला आधीच्या दाव्यात मुद्दा ऐकून निकाली निघालेला असावा लागतो. ऑर्डर २ रूल २ ला निकाल कोणाच्या बाजूने लागला याच्याशी कर्तव्य नाही, मागणी विभागली एवढं पुरतं. कलम १० शीही गल्लत होते. कलम १० मध्ये कोणता दावा आधी *दाखल* झाला ते पाहतात आणि नंतरच्या दाव्याची सुनावणी थांबते. तो दाखल करायला बंदी नसते, त्यात अंतरिम हुकूमही होऊ शकतो. कलम ११ मध्ये कोणता आधी *निकाली* निघाला ते पाहतात, मग तो नंतर का दाखल झालेला असेना (स्पष्टीकरण १). आणि फक्त मनाई मागून भागेल की मालकी ठरवून मागावी लागेल, हा प्रश्न अनथुला सुधाकर विरुद्ध पी. बुची रेड्डी (२००८) मध्ये सुटतो. मनाईचे दावे करणाऱ्या कोणाही वकिलाला तो निकाल टळत नाही.

वादपत्र दाखल झालं की इथून पुढे प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: हे ठरल्याप्रमाणे झालं नाही तर काय? दिवाणी प्रक्रियेचा मोठा भाग या प्रश्नाच्या उत्तरांनीच भरलेला आहे. समन्स लागलं नाही तर? ऑर्डर ५, चिकटवून बजावणी. गणपतराव आलेच नाहीत तर? ऑर्डर ९, एकतर्फा. ताईच हजर राहिल्या नाहीत तर? तेही ऑर्डर ९, पण इथे सावध राहा. दोघंही गैरहजर असतील तर दावा रूल ३ खाली निघतो आणि रूल ४ खाली नवा दावा लावता येतो. प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर असेल तर रूल ८, आणि मग रूल ९ मुळे त्याच कारणावर नवा दावा बंद. मूळ दावा पुन्हा बोर्डावर आणण्याचा अर्ज एवढाच मार्ग उरतो. गणपतराव मेले तर? ऑर्डर २२: नव्वद दिवसांत वारस आणायचे, नाहीतर दावा त्यांच्यापुरता आपोआप रद्द होतो, आणि ते रद्द होणं बाजूला सारायला पुढचे साठ दिवस. त्यांनी दावा चालू असताना प्लॉट विकला तर? ऑर्डर २२ रूल १० आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२. ही प्रश्नोत्तरं स्वतःच्या हाताने एका वहीत लिहा. वही भरत आली की संहिताही बरीच वाचून झालेली असते.

गणपतरावांनी कैफियत (वादपत्राला लेखी उत्तर) दिली, असं धरू. मुदत समन्स लागल्यापासून तीस दिवस, न्यायालय कारणं नोंदवून ती नव्वदपर्यंत नेऊ शकतं. नव्वदनंतर? साध्या दिवाणी दाव्यात ही मर्यादा काटेकोर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने कैलाश विरुद्ध नन्हकू आणि सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशन या २००५ च्या निकालांत म्हटलं. व्यापारी न्यायालयांच्या २०१५ च्या कायद्याखालच्या दाव्यात मात्र १२० दिवस संपले की हक्क गेला (एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स, २०१९). परीक्षेत ‘३० की ९०’ एवढंच लिहून थांबणारं उत्तर अर्धंच राहतं. कैफियतीत ‘मजकूर नाकबूल’ असं मोघम लिहून चालत नाही. ऑर्डर ८ रूल ३ ते ५ प्रत्येक विधान नेमकं नाकारायला सांगतात, न नाकारलेलं कबूल धरलं जातं. गणपतराव प्रतिदावाही लावू शकतात, रूल ६ए.

याच सुमारास नि. ५ चा अर्ज चालतो. महाराष्ट्रातल्या दिवाणी न्यायालयांत तूर्तातूर्त मनाईच्या अर्जाला बहुधा हाच निशाणी क्रमांक पडतो, म्हणून वकील ‘एक्झिबिट फाईव्ह’ म्हणतात आणि त्यावर समोरच्याचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतात. प्रथमदर्शनी केस, सोयी-गैरसोयीचं पारडं आणि भरून न येणारं नुकसान या तीन कसोट्या सगळ्यांना पाठ असतात, पण लावता येत नाहीत. ताईंच्या दाव्यात लावून पाहा. बांधून झालेल्या भिंतीबद्दल तूर्तातूर्त मनाईला फारसा अर्थ नाही. उरलेल्या जागेत होऊ घातलेल्या बांधकामाबद्दल आहे. एकाच अर्जात एका भागाचं उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचं ‘हो’ येऊ शकतं, हे ज्याला दिसलं त्याला ऑर्डर ३९ कळली. शिवाय तीन फुटांचं अतिक्रमण तोंडी पुराव्याने ठरत नाही, मोजणी लागते. म्हणून ऑर्डर २६ रूल ९ खाली कोर्ट कमिशनर, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा भूमी अभिलेख खात्याचा मोजणी अधिकारी.

मुद्दे निघणं (ऑर्डर १४), सरतपासाचं प्रतिज्ञापत्र आणि उलटतपास (ऑर्डर १८) हा भाग वाचून फार हाती लागत नाही. तो कोर्टात बसूनच समजतो, म्हणून इथे थांबत नाही.

थांबायचं आहे ते हुकूमनामा (डिक्री) आणि हुकूम (न्यायालयाचा इतर निर्णय) यांतल्या फरकावर. कलम २(२) आणि २(१४) ही माझ्या मते संहितेतली सगळ्यात जास्त वेळा उघडावी अशी पानं, कारण पुढे कुठे जायचं ते तिथे ठरतं. समजा गणपतरावांनी वादपत्र मुदतबाह्य आहे म्हणून ऑर्डर ७ रूल ११ चा अर्ज दिला. (हा अर्ज फक्त वादपत्र आणि त्यासोबतची कागदपत्रं पाहून ठरतो, कैफियत उघडायचीच नाही. दहिबेन विरुद्ध अरविंदभाई, २०२०.) अर्ज मंजूर होऊन वादपत्र नामंजूर झालं तर कायद्याने तो हुकूमनामा मानला जातो, म्हणून ताईंना कलम ९६ चं अपील. अर्ज फेटाळला गेला तर गणपतरावांना अपील नाही. पण अर्ज मंजूर झाला असता तर दावाच संपला असता, म्हणून कलम ११५ च्या परंतुकात बसून पुनरीक्षण (रिव्हिजन) चालतं. न्यायालय म्हणालं, ‘वादपत्र योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत घ्या’, तर तो साधा हुकूम, आणि त्यावर ऑर्डर ४३ रूल १(ए) खाली अपील. दावा गैरहजेरीत काढून टाकला तर तो हुकूमनामा नाही, हे कलम २(२) स्वतःच सांगतं. तिथे ऑर्डर ९ रूल ९ चा अर्ज, तो फेटाळला तर ऑर्डर ४३ चं अपील. वादपत्र दुरुस्तीचा अर्ज फेटाळला तर? अपील नाही, पुनरीक्षणही नाही. घटनेच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालय, अनुच्छेद २२६ खाली नव्हे (राधे श्याम विरुद्ध छबी नाथ, २०१५).

असा तक्ता प्रत्येक हुकुमाचा करा आणि तो स्वतः करा. दुसऱ्याचा छापील तक्ता पाठ केला तर कारण कळत नाही आणि कारणाशिवाय तो टिकत नाही.

मुदतीचा कायदा वेगळ्या पेपरला आहे म्हणून बाजूला ठेवतात, तसं करू नका. तक्त्यात मुदतीचा रकाना हवाच. जिल्हा न्यायालयात अपील तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद. एकतर्फा हुकूमनामा रद्द करायला तीस दिवस, समन्स नीट लागलं नसेल तर कळल्यापासून.

ताई जिंकल्या. इथे बहुतेकांचा अभ्यास संपतो आणि पक्षकाराचं खरं काम सुरू होतं. पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलने १८७२ सालीच एका भारतीय प्रकरणात म्हटलं होतं. विद्यार्थी कलम ११ वर महिना घालवतात आणि ऑर्डर २१ वर एक संध्याकाळ. ऑर्डर २१ संहितेतली सगळ्यात लांब आहे. तिचे शंभराहून अधिक रूल सलग वाचायला बसलात तर झोप येईल, म्हणून ताईंची दरखास्तच (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) घ्या. एकाच हुकूमनाम्यात तीन गोष्टी आहेत आणि तिघींच्या मुदती निराळ्या. तीन फुटांच्या ताब्याला बारा वर्षं. भिंत पाडण्याच्या आज्ञार्थी मनाईला तीनच वर्षं, मुदतीच्या कायद्याचा अनुच्छेद १३५. कायम मनाईला मुदतच नाही. चौथ्या वर्षी भिंतीसाठी आलेल्या पक्षकाराला काय सांगाल, याचा विचार आत्ताच करा.

ताब्यासाठी रूल ३५, मनाईसाठी रूल ३२. बेलिफ ताबा द्यायला गेला आणि एक माणूस आडवा आला: ‘मी गणपतरावांचा भाडेकरू, माझ्याविरुद्ध हुकूमनामा नाही.’ बेलिफ तसा अहवाल घेऊन परत येतो. ताईंनी नवा दावा लावायचा का? नाही. रूल ९७ चा अर्ज, तीस दिवसांत. भाडेकरूचा हक्क खरा की बनाव हे दरखास्तीतच ठरतं (रूल १०१) आणि त्या निर्णयाला हुकूमनाम्याचं बळ आणि त्यावर अपील (रूल १०३). वेगळ्या दाव्याला बंदी आहे. हे पाच-सात रूल आणि कलम ४७ समजलं की दरखास्तीचा कणा हाती आला. पैशांचा हुकूमनामा असता तर जप्ती, लिलाव, कलम ५१ आणि ६० आले असते. कलम ६० मधली जप्त न होणाऱ्या वस्तूंची यादी जरूर वाचा: स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, धर्मरूढीने स्त्रीला उतरवता न येणारे दागिने. दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी असं सर्वोच्च न्यायालयाने राहुल शाह प्रकरणात २०२१ मध्ये बजावलं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते तुमच्या तालुक्याच्या कोर्टाचा बोर्ड ई-कोर्ट्सवर उघडून पाहा.

पुस्तकांबद्दल. बेअर अ‍ॅक्ट असा घ्या ज्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या दुरुस्त्या रूलखालीच छापलेल्या आहेत. न्यायालयाचा हुकूम मोडणाऱ्याच्या बाबतीत लागू होणारा ऑर्डर ३९ रूल ११ मूळ संहितेत नाहीच, तो मुंबईच्या दुरुस्तीतला आहे. दिल्लीच्या गाईडवर तयारी करणाऱ्याला तो दिसत नाही. उलट कलम ९ए हे महाराष्ट्राचं कलम २०१८ मध्ये काढून टाकलं गेलं आणि जुन्या मराठी पुस्तकांत अजून आहे. १९७६, १९९९ आणि २००२ च्या दुरुस्त्या आत घेतलेल्या आहेत का हे तर आधी पाहायचंच. त्यातल्या त्यात दिवाणीवाल्यांचं नशीब बरं. फौजदारीकडे १ जुलै २०२४ पासून आकडेच बदलले, आपली कलमं जागच्या जागी आहेत.

निकाल किती वाचावेत? थोडे, पण अखंड. शीर्षटिपांचे (निकालाच्या वर छापलेल्या सारांशांचे) गठ्ठे पाठ करून उपयोग नाही. वर आले आहेत ते, आणि कलम १५१ साठी पदम सेन (१९६१) आणि मनोहरलाल चोप्रा (१९६२) एकापाठोपाठ वाचा. पहिल्यात अंगभूत अधिकार कुठे थांबतात ते आणि दुसऱ्यात कुठे पोचतात ते दिसतं. त्यानंतर प्रत्येक उत्तराच्या शेवटी ‘कलम १५१ खाली न्यायालय काहीही करू शकतं’ असं लिहायची सवय मोडते.

सुट्टीत एखाद्या दिवाणी वकिलाकडे बसा, पण नुसतं कोर्टात मागे उभं राहून काही कळणार नाही. निकाली निघालेली एक फाईल मागा आणि रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची न्यायालयाची नोंद) पहिल्या तारखेपासून वाचा. प्रत्येक तारखेसमोर तो कोणत्या रूलखालचा टप्पा आहे ते लिहा. अमुक तारखेला ‘वादीतर्फे मुदत अर्ज, खर्चासह मंजूर’ दिसलं की ऑर्डर १७ उघडायची, ‘पुरसिस (पक्षकाराचं छोटं लेखी निवेदन) दाखल’ दिसलं की कशाची ते पाहायचं. दोन फाईल्स अशा वाचल्या की वर्गातलं व्याख्यान वेगळंच ऐकू येतं.

परीक्षेपुरतं: प्रसंगावरचा प्रश्न आला की आधी टप्पा ओळखा आणि उत्तराचं पहिलं वाक्य त्यावरच लिहा. मग तरतूद, तिच्या अटी, त्या अटी दिलेल्या प्रसंगात भरतात की नाही, परिणाम, आणि शेवटी नाराज पक्षकाराला पुढचा मार्ग व त्याची मुदत. हा शेवटचा भाग बहुतेक उत्तरपत्रिकांत नसतो. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेची तयारी करत असाल तर यात आणखी एक सवय जोडा. प्रश्न दोन्ही वकिलांच्या बाजूने सोडवून झाला की न्यायाधीश म्हणून चालू हुकुमाचं, म्हणजे निकालातल्या प्रत्यक्ष आदेशाचं, एक वाक्य लिहा: अर्ज मंजूर की नामंजूर, खर्च कोणावर, पुढची तारीख कशासाठी. नेमणूक झाल्यावर रोज तेच लिहायचं आहे.